मटच्या हेडर फायली कशा आवरायच्या: फंक्शनची डिक्लेरेशन्स कुठे ठेवायची आणि हलवताना काय सांभाळायचं

सी मधला जुना आणि मोठा प्रोजेक्ट उघडला की त्यात एक हेडर फाइल (फंक्शनची नावं आणि टाइप्स, म्हणजे डिक्लेरेशन्स, जिच्यात जाहीर करतात ती) हमखास सापडते जी घरातल्या माळ्यासारखी असते, जे कुठे ठेवायचं कळलं नाही ते सगळं तिच्यात. मट या टर्मिनलवर चालणाऱ्या ईमेल प्रोग्राममध्ये ती फाइल म्हणजे प्रोटोज डॉट एच. मायकेल एल्किन्सने १९९५ मध्ये मट सुरू केला, नंतर अनेकांनी त्यात हात घातला, आणि प्रत्येकाने नवीन फंक्शन लिहिलं की त्याची एक ओळ प्रोटोज डॉट एच मध्ये टाकली. आता त्या फाइलमध्ये ओळी कुठल्या सी फाइलच्या आहेत त्यानुसार लावलेल्या नाहीत, परतीच्या टाइपनुसार लावल्यात. म्हणजे व्हॉइड परत करणारी सगळी एकत्र एबीसीडीच्या क्रमाने, मग इंट परत करणारी सगळी, वगैरे. दिसायला नीटनेटकं, पण पेजरचं, ॲड्रेस बुकचं, पीजीपीचं आणि मेल पाठवायचं फंक्शन एकाखाली एक उभं, का तर चौघंही इंट देतात. खाली "अनसॉर्टेड" अशी कमेंट टाकून उरलेली वेगळी दिलीयेत, हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

ही फाइल मट डॉट एच मधून इन्क्लूड होते आणि मट डॉट एच जवळपास प्रत्येक सी फाइल घेते. म्हणजे एका फंक्शनला एक पॅरामीटर वाढवला की मेक हे बिल्ड करणारं टूल सगळा प्रोग्राम परत कंपाइल करणार. आजच्या मशीनवर हे काही मिनिटांचंही काम नाही, त्यामुळे मी वेळेचं रडगाणं गाणार नाही. खरा त्रास वेगळा आहे: कोण कोणावर अवलंबून आहे हे अशा फाइलमधून कळतच नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या निओमट या फोर्कने, म्हणजे मटच्याच कोडवरून काढलेल्या वेगळ्या प्रोजेक्टने, हा पसारा बराच मोडला, प्रत्येक मॉड्यूलला स्वतःची हेडर दिली. तेच काम हाताने, सुरक्षितपणे कसं करायचं ते खाली लिहितोय. उदाहरण मटमधल्या एलियस म्हणजे टोपणनावांच्या मॉड्यूलचं घेतलंय, पण तुमचा स्वतःचा छोटा मेल क्लायंट असेल तरी हेच लागू.

माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळं त्यातून येतं: डिक्लेरेशन कुठे ठेवू हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, हे फंक्शन बाहेरच्या कोणाला माहीत असायची गरज आहे का. बहुतेक वेळा उत्तर नाही असं येतं आणि मग हलवायचं सामानच कमी होतं.

आधी कंपायलरला कडक करा

हेडरला हात लावायच्या आधी कंपायलरची तोंडं उघडा. जीसीसी या सी कंपायलरला मिसिंग-प्रोटोटाइप्स, स्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स आणि रिडंडंट-डेक्ल्स या तीन वॉर्निंग लावा, आणि इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लेरेशनला वॉर्निंग नाही तर थेट एरर करा. शेवटचं फार महत्त्वाचं. जुन्या सी मध्ये न सांगितलेलं फंक्शन वापरलं तर कंपायलर गृहीत धरायचा की ते इंट परत करतं. १९९९ च्या स्टँडर्डने ही सवलत काढून टाकली, तरी जीसीसी कित्येक वर्षं नुसती वॉर्निंग देत राहिला, जीसीसी १४ ने २०२४ मध्ये ती डिफॉल्ट एरर केली. म्हणजे तुमच्या मशीनवर जुना जीसीसी असेल तर आपण हेडरमधून ओळ काढल्यावर कोड गुपचूप कंपाइल होईल आणि गोंधळ चालवताना होईल.

काय गोंधळ? समजा फंक्शन पॉइंटर परत करतंय आणि डिक्लेरेशन दिसत नाहीये. ६४ बिट मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा, इंट ४ बाइटचा, वरचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्राम भलत्याच पत्त्यावर जाऊन आपटतो. आणि गंमत म्हणजे कधीकधी पत्ता छोटा असेल तर चालूनही जातं, त्यामुळे एका मशीनवर ठीक आणि दुसऱ्यावर क्रॅश.

स्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स कशाला, तर रिकाम्या कंसासाठी. सी२३ या नव्या स्टँडर्डच्या आधी रिकामा कंस म्हणजे "आर्ग्युमेंट्स नाहीत" असं नव्हतं, "किती आहेत ते सांगत नाही" असं होतं, म्हणून कंसात व्हॉइड लिहायची पद्धत. सी२३ ने अर्थ बदलला आणि जीसीसी १५ तर डिफॉल्टच तो धरतो. जुना कोड असेल तर सगळीकडे व्हॉइड लिहून मोकळे व्हा, दोन्हीकडे एकच अर्थ निघतो.

अजून एक, कॉन्फिगर करताना शक्य तेवढे ऑप्शन चालू करून एक बिल्ड डिरेक्टरी करा आणि सगळे बंद करून दुसरी. आयमॅप, पॉप, एसएमटीपी, हेडर कॅश, जीपीजीएमई सगळं चालू, आणि एकही नाही. मटचा बराच कोड इफडेफच्या आत आहे, म्हणजे तो ऑप्शन चालू असेल तरच कंपाइल होतो, एकाच बिल्डवर विश्वास ठेवलात तर फसाल.

मग यादी काढा, आणि ती ग्रेपने नको

कुठलं फंक्शन कुठे राहतं हे नावावरून ठरवू नका. मटमधलं साधं उदाहरण बघा, मट_एलियस_मेनू. नावावरून कोणीही म्हणेल एलियस डॉट सी मध्ये असणार, प्रत्यक्षात ते ॲडरबुक डॉट सी मध्ये आहे. म्हणून ऑब्जेक्ट फायलींनाच, म्हणजे कंपाइल झालेल्या डॉट ओ फायलींनाच, विचारा. त्यातली नावं दाखवणारी एनएम कमांड सगळ्या डॉट ओ फायलींवर चालवा, फाइलचं नाव प्रत्येक ओळीत येईल असा ऑप्शन देऊन. नावासमोर मोठा टी असेल तर फंक्शन त्या फाइलमध्ये आहे आणि बाहेर दिसतंय, छोटा टी असेल तर स्टॅटिक म्हणजे त्याच फाइलपुरतं, आणि यू असेल तर ही फाइल ते दुसरीकडून मागतेय.

आता ही यादी नावाने सॉर्ट करा. ज्या नावासमोर एक मोठा टी आहे आणि यू एकही नाही, ते फंक्शन बाहेर कोणीच वापरत नाही, ते स्टॅटिक करायचा उमेदवार. ज्याला यू आहेत, ते यू कुठल्या फायलींतून येतात ते बघा, तेच तुमचे ग्राहक, उद्या नवीन हेडर त्यांनाच इन्क्लूड करावी लागणार.

ग्रेप ही मजकुरात शब्द शोधणारी कमांड का नको, तर मटमध्ये मॅक्रोचे, म्हणजे कंपाइल व्हायच्या आधी दुसऱ्या मजकुरात बदलणाऱ्या नावांचे, मुखवटे आहेत. मट_मेक_स्ट्रिंग हे नाव तुम्हाला कोडमध्ये ठिकठिकाणी दिसेल पण तो मॅक्रो आहे, खरं फंक्शन पुढे अंडरस्कोअर लावलेलं आहे. ग्रेपला मॅक्रो दिसतो, एनएमला खरं नाव दिसतं. उलट इफडेफने वगळलेलं फंक्शन एनएमला दिसणारच नाही, म्हणून सगळे ऑप्शन चालू असलेल्या बिल्डवर यादी काढा आणि स्टॅटिक करण्याआधी सोर्समध्ये एकदा नाव शोधूनही बघा. दोन्ही मिळून काम होतं.

याच वेळी मेलेली डिक्लेरेशन्स सापडतात. फंक्शन कधीचं उडवलंय पण हेडरमधली ओळ तशीच आहे. कंपायलर त्याबद्दल कधीच तक्रार करत नाही, त्याच्या दृष्टीने ते कुठेतरी असेल. प्रोटोज डॉट एच मधली नावं आणि एनएमची नावं शेजारी ठेवली की ती लगेच उघडी पडतात.

स्टॅटिकचं काम वेगळ्या कमिटमध्ये संपवा

आता जे बाहेर लागत नाही ते सगळं स्टॅटिक करा, हेडरमधली ओळ काढा, आणि कमिट करून टाका. हलवाहलवीत मिसळू नका. कारण स्टॅटिक झालं की कंपायलरला मोकळीक मिळते, तो फंक्शन इनलाइन करेल, पॅरामीटर उडवेल, मशीन कोड बदलेल. नुसती डिक्लेरेशन इकडची तिकडे केली तर मशीन कोड बदलायचं काहीच कारण नाही, आणि हीच गोष्ट पुढे तपासणीला वापरायची आहे.

स्टॅटिक केल्यावर काही ठिकाणी फंक्शन वर वापरलंय आणि खाली लिहिलंय असं निघेल. तिथे फाइलच्या डोक्यावर स्टॅटिक प्रोटोटाइप लिहिण्यापेक्षा शक्य असेल तर फंक्शनच वर उचला. अर्थात दोन फंक्शनं एकमेकांना बोलावत असतील तर प्रोटोटाइप लागणारच.

नवी हेडर कशी लिहायची

एलियस डॉट सी घेऊ. यात बाहेर लागणारी फंक्शनं मोजकी आहेत: टोपणनाव शोधून पत्ता देणारं मट_लूकअप_एलियस, पत्त्यांची यादी उलगडणारं मट_एक्सपांड_एलियसेस, नवीन टोपणनाव बनवणारं मट_क्रिएट_एलियस, टॅब दाबल्यावर पूर्ण करणारं मट_एलियस_कम्प्लीट, हा पत्ता आपलाच आहे का सांगणारं मट_ॲडर_इज_यूजर, आणि अजून थोडी. मट_एक्सपांड_एलियसेस_आर हे स्वतःलाच बोलावणारं भावंड स्टॅटिक आहे, त्याचा हेडरशी संबंध नाही.

एलियस डॉट एच बनवा. सगळ्यात वर इन्क्लूड गार्ड, म्हणजे इफएनडेफ, डिफाइन आणि शेवटी एंडइफ, त्यामुळे हेडर दोनदा आली तरी एकदाच वाचली जाते. गार्डचं नाव मट_एलियस_एच अशा धाटणीचं कॅपिटलमध्ये ठेवा, सुरुवातीला अंडरस्कोअर नको, अंडरस्कोअर आणि त्यापुढे कॅपिटल अक्षर अशी नावं भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलीयेत. गार्डचंच काम एका ओळीत करणारं प्राग्मा वन्स बहुतेक कंपायलरवर चालतं पण स्टँडर्डमध्ये नाही, आणि मट चित्रविचित्र युनिक्सवर बिल्ड होतो, तेव्हा जुनंच बरं.

मग प्रश्न येतो टाइप्सचा, आणि इथेच लोक आळस करतात. फंक्शनं ॲड्रेस, एन्व्हलप, एलियस असे पॉइंटर घेतात म्हणून थेट मट डॉट एच इन्क्लूड करून टाकतात. झालं, माळा पुन्हा भरला. पॉइंटर घ्यायला स्ट्रक्टच्या आत काय आहे हे कंपायलरला माहीत असावं लागत नाही, नुसतं "असं एक स्ट्रक्ट आहे" एवढं सांगितलं की पुरतं. त्यामुळे हेडरमध्ये वर स्ट्रक्टची फॉरवर्ड डिक्लेरेशन लिहा आणि प्रोटोटाइपमध्ये टाइपडेफऐवजी (टाइपला दिलेल्या दुसऱ्या नावाऐवजी) स्ट्रक्टचं नाव वापरा. मटमध्ये इथे एक खाच आहे: टाइपडेफचं नाव कॅपिटलमध्ये ॲड्रेस असं आहे, पण मागचं स्ट्रक्टचं नाव ॲड्रेस_टी आहे. एन्व्हलप आणि एलियसला तसं शेपूट नाही. प्रत्येकाची व्याख्या उघडून बघा, अंदाजाने लिहिलंत तर कंपायलर नवीनच स्ट्रक्ट जन्माला आलंय असं समजेल आणि इनकम्पॅटिबल पॉइंटरच्या वॉर्निंगचा, जीसीसी १४ पासून थेट एररचा, पाऊस पाडेल.

फॉरवर्ड डिक्लेरेशन अजिबात लिहिलीच नाही आणि स्ट्रक्टचं नाव पहिल्यांदा पॅरामीटरच्या यादीतच आलं तर त्याहून विचित्र प्रकार, ते स्ट्रक्ट त्या एका प्रोटोटाइपपुरतंच जगतं. वॉर्निंग येते, वाचायला विचित्र असते, पण कारण नेहमी हेच.

टाइपडेफच परत लिहून टाकू का? सी११ पासून तोच टाइपडेफ दोनदा लिहिता येतो, त्याआधी तो एरर होता. प्रोजेक्ट सी९९ वर असेल तर या वाटेला जाऊ नका. निओमटने पुढे हे कॅपिटल टाइपडेफच काढून सरळ स्ट्रक्ट लिहायला सुरुवात केली, माझ्या मते योग्य केलं.

खऱ्या इन्क्लूड कुठल्या लागतात? साइझ_टी लागत असेल तर एसटीडीडेफ डॉट एच, फाइल पॉइंटर लागत असेल तर एसटीडीआयओ डॉट एच. एखादं स्ट्रक्ट पॉइंटर नसून पूर्ण व्हॅल्यू म्हणून दुसऱ्या स्ट्रक्टच्या आत बसलंय तर त्याची हेडर लागेल. बास.

प्रोटोटाइपमध्ये पॅरामीटरची नावं लिहा. मटमध्ये जुनी डिक्लेरेशन्स नुसत्या टाइप्सची आहेत, "कॅर पॉइंटर, साइझ_टी, कॅर पॉइंटर, इंट, इंट", आता यातला कुठला इंट कशाचा हे शोधायला सी फाइल उघडावी लागते. नावं फुकट मिळतात. आणि परतीच्या टाइपनुसार क्रम लावायचा मोह टाळा, जी फंक्शनं एकत्र वापरली जातात ती एकत्र ठेवा.

सी फाइलने आपलीच हेडर पहिली घ्यायची

एलियस डॉट सी मध्ये क्रम असा: आधी कॉन्फिग डॉट एच, लगेच एलियस डॉट एच, मग सिस्टिमच्या, मग बाकीच्या. यात दोन कारणं आहेत.

कॉन्फिग डॉट एच सगळ्यांच्या आधी कारण कॉन्फिगर स्क्रिप्ट तिच्यात असे मॅक्रो टाकते जे सिस्टिमच्या हेडरचं वागणं बदलतात. फाइल-ऑफसेट-बिट्सचा मॅक्रो घ्या. ३२ बिट सिस्टिमवर तो ६४ असेल तर ऑफ_टी (फाइलमधली जागा साठवायचा टाइप) ८ बाइटचा, नसेल तर ४ चा. मेलबॉक्समध्ये मेल कुठे सुरू होतो तो ऑफसेट स्ट्रक्टमध्ये साठवलेला असतो. आता एका सी फाइलने चुकून सिस्टिमची हेडर आधी घेतली की तिच्या दृष्टीने स्ट्रक्टची लांबीच वेगळी, आणि दुसऱ्या फाइलने भरलेलं स्ट्रक्ट ती भलत्या जागी वाचणार. सगळ्या डॉट ओ फायली जोडणारा लिंकर हूं की चूं करत नाही. ग्नू-सोर्स मॅक्रोचंही तेच, तो उशिरा आला तर स्ट्रकेसस्ट्र सारखं फंक्शन दिसतच नाही आणि वर सांगितलेला पॉइंटर कापायचा उद्योग सुरू होतो.

आपली हेडर लगेच नंतर, कारण तिच्यात काही राहून गेलं असेल तर लगेच एरर येईल, आधीच्या कुठल्या हेडरच्या कृपेने झाकलं जाणार नाही. आणि आपली हेडर आपणच घेणं तर सक्तीचं. कारण डिक्लेरेशन आणि खरं फंक्शन या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कंपायलरच्या नजरेला पडल्या तरच तो जुळतात का ते बघतो. कोणीतरी घाईत दुसऱ्या सी फाइलमध्ये हाताने एक्सटर्न ("हे दुसरीकडे आहे" असं सांगणारा शब्द) लिहून काम चालवलं, नंतर मूळ फंक्शनला पॅरामीटर वाढला, तर सी चा लिंकर फक्त नाव बघून जोडून देतो. वाढलेल्या पॅरामीटरमध्ये कचरा. त्यामुळे सी फायलींत एक्सटर्न शोधा आणि सापडेल तो उडवून योग्य हेडर लावा.

हलवणं, एकावेळी एकच मॉड्यूल

आता प्रोटोज डॉट एच मधून एलियसच्या ओळी कापा आणि मेक चालवा, पहिल्या एररला थांबू नको असा ऑप्शन देऊन. जिथे एरर येईल त्या फाइलमध्ये एलियस डॉट एच घाला. एनएमच्या यादीतल्या यू शी ताडून बघा, दोन्ही जुळायला पाहिजेत. मग सगळं बंद असलेल्या बिल्डमध्ये तेच.

काही जण प्रोटोज डॉट एच मध्येच एलियस डॉट एच इन्क्लूड करून पूल बांधतात म्हणजे बाकीच्या फायली बदलाव्या लागत नाहीत. मोठी टीम असेल तर एखाददोन आठवडे चालेल. पण असे पूल कोणी पाडत नाही हो, वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे एकटे काम करत असाल तर बांधूच नका.

तपासणी अशी: बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या डॉट ओ फायली डीबग माहितीशिवाय बनवा आणि ऑब्जडम्पने डिसअसेंबली, म्हणजे मशीन कोडचं वाचता येणारं रूप, काढून डिफ करा. फरक शून्य यायला हवा, फक्त कोडमध्ये लाइन नंबर वापरणारा मॅक्रो असेल तर तेवढं दिसेल. शून्य आला की रिव्ह्यू करणाऱ्याला सांगायला एकच वाक्य पुरतं. शिवाय प्रत्येक हेडर एकटी कंपाइल होते का हे बघायला जीसीसीचा फक्त-सिंटॅक्स ऑप्शन वापरून लूप फिरवा. मेकफाइलमध्ये तसं टार्गेट टाकलंत तर अजून छान.

ग्लोबल व्हेरिएबल्सचं वेगळंच प्रकरण

मटच्या ग्लोबल्स डॉट एच मध्ये व्हेअर नावाचा मॅक्रो वापरलाय, त्याची व्याख्या मट डॉट एच मध्ये आहे. मेन डॉट सी वर मेन_सी डिफाइन करते, तेव्हा व्हेअर रिकामा होतो आणि व्हेरिएबल्स खरोखर तयार होतात, बाकी सगळ्या फायलींत व्हेअर म्हणजे एक्सटर्न. एकच फाइल दोन्ही कामं करते, हुशारी आहे, पण प्रत्येक ग्लोबल मेन डॉट सी च्या मालकीचं होतं. हलवताना व्याख्या ज्या सी फाइलचं व्हेरिएबल आहे तिथे न्या आणि तिच्या हेडरमध्ये साधं एक्सटर्न लिहा. एक्सटर्न विसरलात तर पूर्वी जीसीसी सांभाळून घ्यायचा, सगळ्या प्रती एकत्र करायचा. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, डिफॉल्ट बदललाय, आता मल्टिपल डेफिनिशनचा एरर येतो. चांगलंच झालं.

डिरेक्टरी असेल तर दोन हेडर

आयमॅपला मटमध्ये स्वतःची डिरेक्टरी आहे आणि तिथे हे आधीपासूनच नीट केलंय: इमॅप डॉट एच बाहेरच्यांसाठी, इमॅप_प्रायव्हेट डॉट एच आतल्या फायलींपुरती. सर्व्हरशी बोलायच्या कमांड्सची रांग, कनेक्शनची अवस्था वगैरे सगळं दुसरीत. असंच तुमच्याकडेही करा जिथे तीनचार सी फायली मिळून एक काम करतात. आणि मेलबॉक्स उघडणं, बंद करणं, सिंक करणं यासाठी एमएक्स_ऑप्स नावाचं फंक्शन पॉइंटरचं स्ट्रक्ट आहे, त्यामुळे आयमॅपची ती फंक्शनं हेडरमध्ये जाहीर करायचीच गरज उरत नाही, सगळी स्टॅटिक राहू शकतात, बाहेर फक्त ते एक स्ट्रक्ट दिसतं. डिक्लेरेशन कमी करायचा यापेक्षा चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

हेडरमध्ये स्ट्रक्टच्या आत इफडेफ मात्र टाळा. आयमॅप असेल तर एक फील्ड जास्त, नसेल तर कमी, असं केलं की ज्या फाइलने कॉन्फिग डॉट एच घेतली नाही तिथे परत लांबीचा घोळ. ८ बाइट वाचवून काय मिळणार.

कीमॅप_डेफ्स डॉट एच ला हात लावू नका, ती ऑप्स फाइलवरून स्क्रिप्ट तयार करते, पुढच्या बिल्डला तुमचे बदल पुसले जातील.

शेवटी उरलेलं

काही ओळी अशा उरतील ज्या कुठल्याच मॉड्यूलच्या वाटत नाहीत. सिस्टिममध्ये फंक्शन नसेल तर आपलं देणाऱ्या ओळी, स्ट्रसेप, स्ट्रकेसस्ट्र वगैरे, त्या एका कम्पॅट हेडरमध्ये ठेवा. स्ट्रिंग आणि मेमरीची मदतनीस फंक्शनं मटमध्ये लिब डॉट एच मध्ये आहेतच. तिने मेलच्या टाइप्सना अजिबात ओळखू नये, म्हणजे ती बाहेरच्या छोट्या टूललाही वापरता येते.

आणि हे सगळं कधी करायचं ते आधी बघा. मटच्या भोवती वर्षानुवर्षं बाहेरच्या पॅचेसचं एक जग होतं, साइडबार, एनएनटीपी असे, निओमटची सुरुवातच असे पॅच एकत्र आणण्यातून झाली. प्रोटोज डॉट एच मधली ओळ हलली की त्या ओळीच्या आसपास काहीतरी जोडणारा प्रत्येक पॅच लागायचा बंद होतो. तुमच्याकडेही अर्धवट ब्रांचेस पडून असतील तर आधी त्या मर्ज करा, मग रिलीज झाल्यावर लगेचच्या आठवड्यात ही हलवाहलव करा, आणि प्रत्येक कमिटच्या मेसेजमध्ये कुठली फंक्शनं कुठून कुठे गेली ते नावानिशी लिहा म्हणजे ज्याचा पॅच तुटेल त्याला गिट लॉगमध्ये नाव शोधून नवी हेडर सापडेल.